फॅलॉइडिनवालं सायटोस्केलेटन किट: दोन वर्षं वापरल्यानंतर

मागच्या महिन्यात आमच्या लॅबमध्ये नवीन आलेल्या एका मुलीने विचारलं, ताई या किटने नक्की काय दिसतं आणि काय दिसत नाही, आणि मी सांगायला बसले ते दोन तास झाले तरी संपेना. तेव्हाच ठरवलं की हे एकदा नीट लिहून काढायचं. दोन वर्षं झाली मी हे किट जवळजवळ दर आठवड्याला वापरतेय, शंभराच्या वर कव्हरस्लिप (ज्यांच्यावर पेशी वाढवतात त्या पातळ काचा) रंगवून झाल्या असतील, त्यामुळे आता मत द्यायला हरकत नाही.

तर हे पेशीचा सांगाडा रंगवायचं तीन रंगांचं किट आहे. सांगाडा म्हणजे सायटोस्केलेटन, पुस्तकात पेशीकंकाल लिहितात पण लॅबमध्ये तो शब्द मी कोणाच्या तोंडून ऐकलेला नाही. बॉक्समध्ये फॅलॉइडिनची एक छोटी व्हायल असते, ते ॲक्टिन या प्रोटीनच्या तंतूंना चिकटतं आणि त्याला हिरवा चमकणारा रंग जोडलेला, मग ट्यूब्युलिनला, म्हणजे ज्या प्रोटीनच्या नळ्या होतात त्याला, चिकटणारी अँटिबॉडी (ठरावीक प्रोटीन ओळखून धरणारं प्रोटीन) आणि त्या अँटिबॉडीला पकडणारी लाल रंगाची दुसरी अँटिबॉडी, आणि न्यूक्लियस निळा करणारं डॅपी. कंपनीचं नाव लिहीत नाहीये कारण साधारण हाच माल बऱ्याच ठिकाणी मिळतो आणि मला जे सांगायचंय ते या ट्यूबमधल्या गोष्टींबद्दल आहे, बॉक्सबद्दल कमी.

मत आधीच सांगून टाकते म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचं काम होईल. फॅलॉइडिनसाठी डोळे झाकून घ्या, ट्यूब्युलिनची अँटिबॉडी चांगली आहे पण तिला जपावं लागतं, डॅपीबद्दल बोलण्यासारखं काही नाही ते प्रत्येक वेळी चालतं, आणि बॉक्सवर जे 'संपूर्ण सायटोस्केलेटन' असं छापलंय ते चूक आहे. पाचपैकी चार स्टार. एक स्टार त्या 'संपूर्ण' शब्दासाठी आणि सोबतच्या माहितीपत्रकासाठी कापलाय, दोन्हीबद्दल खाली सांगते.

पहिल्यांदा बघितलं तो दिवस अजून आठवतो. शाळेपासून आपण पेशीचं जे चित्र काढत आलो ते एका पिशवीचं, मधे न्यूक्लियस, आजूबाजूला मायटोकॉन्ड्रिया वगैरे तरंगतायत आणि उरलेली मोकळी जागा, तिला बाण काढून सायटोप्लाझम लिहायचं. त्या मोकळ्या जागेत तंतूंचं जाळं असतं हे कॉलेजात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं, पण वाचणं वेगळं. फायब्रोब्लास्ट (त्वचेतल्या एका साध्या प्रकारच्या) पेशींची कव्हरस्लिप होती, खोलीत अंधार, शटर उघडलं, आणि पेशीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेल्या हिरव्या दोऱ्या दिसल्या, सरळ, एकमेकींना समांतर, एकेका पेशीत वीस-वीस तीस-तीस. मोकळी जागा कुठे नव्हतीच. मी पाच मिनिटं फोटो काढायचंच विसरले.

त्या दोऱ्यांना स्ट्रेस फायबर म्हणतात आणि नाव अगदी बरोबर आहे, कारण त्या खरोखर ताणाखाली असतात. ॲक्टिनचे तंतू आणि त्यांना ओढणारं मायोसिन, म्हणजे जी जोडी स्नायू आखडते तीच जोडी त्वचेतल्या एका साध्या पेशीतही बसलेली असते. दोरी जिथे संपते तिथे पेशी खालच्या काचेला घट्ट धरून असते, त्या जागेला फोकल ॲडहीजन म्हणतात, आणि पेशी तिथून ओढून ओढून बघते की आपण ज्याच्यावर बसलोय ते कडक आहे की मऊ. काचेवर वाढवलेल्या पेशीत दोऱ्या जाड दिसतात, तीच पेशी मऊ जेलवर वाढवली की त्या बारीक होतात नाहीतर दिसतच नाहीत. हे मी स्वतः दोन कव्हरस्लिप शेजारी ठेवून बघितलंय आणि ज्यांना शिकवायचं असेल त्यांनी हा प्रयोग नक्की करावा, समजवायला शब्द लागत नाहीत.

पण मला दोऱ्यांपेक्षा कडा जास्त आवडते. पेशी ज्या दिशेला सरकत असते तिकडे एक पातळ पंखा पसरलेला असतो, लॅमेलिपोडियम, आणि फॅलॉइडिनने तो कडेकडेने चमकतो. त्यात तंतू दोऱ्यांसारखे समांतर नसतात, एकाला फांदी फुटलेली, त्या फांदीला परत फांदी, आर्प २/३ नावाचा प्रोटीनचा गट प्रत्येक फांदी साधारण ७० अंशांच्या कोनात बसवतो. फांद्या पुढे वाढतात आणि मेम्ब्रेनला आतून ढकलतात, पेशी पुढे जाते. ढकलायला इथे मायोसिनसारखी मोटर लागत नाही, नुसतं तंतूच्या टोकाला एकेक रेणू जोडत जाण्यातून जोर येतो, आणि हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी बराच वेळ त्याचाच विचार करत होते. साध्या मायक्रोस्कोपला या फांद्या सुट्या दिसत नाहीत हे मात्र लक्षात ठेवा, तुम्हाला दिसेल तो चमकणारा पट्टा. त्या पट्ट्यातून मधेच बोटांसारखे सरळ काटे बाहेर आलेले दिसले तर ते फिलोपोडिया, तिथे तंतूंची जुडी असते आणि पेशी त्यांनी पुढची जागा चाचपते.

आता फॅलॉइडिन इतकं चांगलं का चालतं ते. हे मुळात विष आहे, अमॅनिटा फॅलॉइडिस नावाच्या अळंबीतलं, जिला इंग्रजीत डेथ कॅप म्हणतात. १९३७ साली फिओडोर लिनेन आणि उलरिश वीलँड यांनी त्याचे स्फटिक मिळवले. (लिनेनना पुढे १९६४ चं नोबेल मिळालं पण ते कोलेस्टेरॉल आणि फॅटी ॲसिडवरच्या कामासाठी.) त्या अळंबीने माणूस दगावतो तो मुख्यतः तिच्यातल्या दुसऱ्या विषांमुळे, अमाटॉक्सिनमुळे, पण म्हणून फॅलॉइडिन निष्काळजीपणे हाताळू नका, ग्लोव्ह्ज घाला आणि उरलेलं विषारी कचऱ्यातच टाका. रेणू अगदी छोटा, सात अमिनो ॲसिडची कडी आणि मधून एक आडवा पूल, वजन ८०० डाल्टनच्या आत. १९७९ मध्ये त्याला चमकणारा रंग जोडून पेशीतलं ॲक्टिन दाखवलं गेलं आणि तेव्हापासून आजपर्यंत ॲक्टिन बघायचं म्हटलं की पहिला हात याच्याकडेच जातो.

ॲक्टिन म्हणजे ३७५ अमिनो ॲसिडचं, ४२ किलोडाल्टनचं एक गोलसर प्रोटीन. १९४२ साली हंगेरीत सेगेडला, सेंट-ग्यॉर्गी यांच्या लॅबमध्ये ब्रूनो श्ट्राउब यांनी ते स्नायूतून वेगळं केलं. सुटं असतं तेव्हा त्याला जी-ॲक्टिन म्हणतात, एकाला एक लागून पीळ घातलेली माळ झाली की एफ-ॲक्टिन, जाडी ७ नॅनोमीटर. फॅलॉइडिन बसतं ते माळेतल्या शेजारशेजारच्या रेणूंच्या सांध्यात. सांधाच नसेल तर बसायला जागाच नाही, म्हणून सुट्या ॲक्टिनला ते चिकटत नाही आणि म्हणूनच मागचा काळोख इतका स्वच्छ येतो. दुसरी गोष्ट म्हणजे ॲक्टिन उत्क्रांतीत फारसं बदललेलं नाही, त्यामुळे यीस्ट, झाडं, माशी, माणूस, तीच व्हायल सगळीकडे चालते. अँटिबॉडीचं तसं नसतं, ती कुठल्या प्राण्याच्या प्रोटीनला चालेल हे आधी बघावं लागतं. अपवाद आहेत, टेट्राहायमिना या एकपेशीय जीवाचं ॲक्टिन फॅलॉइडिनला दाद देत नाही, पण तुमच्या कामात तो यायची शक्यता कमी.

काम अगदी सोपं आहे. ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये पंधरा मिनिटं फिक्स करा, म्हणजे पेशी आहे त्या स्थितीत पक्की होते, धुवा, ०.१ टक्का ट्रायटॉन या साबणासारख्या द्रव्याने मेम्ब्रेनला भोकं पाडा म्हणजे रंग आत जाईल, फॅलॉइडिन घाला, अर्धा तास अंधारात, धुवा, माउंट करा. दीड तासात तुम्ही मायक्रोस्कोपवर. अँटिबॉडीला एक रात्र आणि वर अर्धा दिवस जातो. कव्हरस्लिप मात्र ०.१७ मिलिमीटर जाडीचीच घ्या, चांगली लेन्स त्याच जाडीसाठी बनवलेली असते, दुसरी घेतलीत तर चित्र धूसर येईल आणि तुम्ही किटला दोष द्याल.

दोष देण्यावरून आठवलं, आता माहितीपत्रकाची तक्रार.

सुरुवातीच्या दिवसांत मला तिन्ही रंग एकाच कव्हरस्लिपवर हवे होते. ट्यूब्युलिनच्या अँटिबॉडीच्या कागदावर लिहिलं होतं की उणे २० डिग्रीच्या मेथॅनॉलने फिक्स केलं तर मायक्रोट्यूब्यूल (ट्यूब्युलिनच्या नळ्या) उत्तम दिसतात, तर मी तसंच केलं, आणि लाल रंग सुरेख आला, एकेक नळी वेगळी. हिरव्यात काहीच नाही, नुसता धुरकट प्रकाश. परत केलं, परत तेच. फॅलॉइडिन दुप्पट घातलं, परत तेच. तीन आठवडे गेले, मला वाटलं व्हायल खराब आली, बदलून मागितली, नवीन व्हायलनेही तेच. शेवटी आमच्या एका सीनियरने विचारलं फिक्स कशाने करतेस, आणि मेथॅनॉल म्हटल्यावर ती म्हणाली मग दिसणारच नाही. मेथॅनॉल पाणी काढून घेतं आणि प्रोटीनची घडी बिघडवतं, ॲक्टिनच्या तंतूतला तो सांधा फॅलॉइडिनला हवा तसा उरतच नाही. अँटिबॉडीला प्रोटीनचा छोटासा तुकडा ओळखला तरी पुरतं, फॅलॉइडिनला तंतू जसाच्या तसा लागतो. एकाच बॉक्समध्ये दोन वस्तू, आणि एकीचा सल्ला दुसरीला मारतो, आणि ही गोष्ट कुठेही एका ओळीत लिहिलेली नाही. माझे तीन आठवडे गेले ते जाऊ देत, पण ज्या विद्यार्थ्याच्या हातात महिनाभरच आहे त्याने काय करायचं? ही ओळ ठळक अक्षरात पहिल्या पानावर हवी.

गंमत म्हणजे फॅलॉइडिनचा स्टॉक स्वतः बहुतेक वेळा मेथॅनॉलमध्येच विरघळवलेला येतो, त्याला घाबरू नका, बफरमध्ये शेकडो पट पातळ केल्यावर इतकंसं मेथॅनॉल काही करत नाही, आणि तोपर्यंत पेशी फिक्स झालेली असते.

मग दोन्ही एकत्र कसं करायचं तर पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये थोडं ग्लुटाराल्डिहाइड घालून, आणि सगळे बफर ३७ डिग्रीला गरम ठेवून. गरम का, तर मायक्रोट्यूब्यूल थंडीत विरघळतात. सवयीने फ्रिजमधल्या थंड बफरने पेशी धुतल्या की अर्ध्या नळ्या फिक्स व्हायच्या आधीच गेलेल्या असतात आणि मग न्यूक्लियसभोवती थोडंसं जाळं आणि कडेला काहीच नाही असं चित्र येतं, जे बघून लोक काहीतरी जैविक अर्थ लावत बसतात. ग्लुटाराल्डिहाइड वापरलंत तर नंतर सोडियम बोरोहायड्राइडने धुवा, नाहीतर ते स्वतःच चमकतं.

मायक्रोट्यूब्यूल नीट आले की मात्र बघत राहावं असं दिसतं. अल्फा आणि बीटा ट्यूब्युलिनची जोडी, लांबी ८ नॅनोमीटर, अशा जोड्या एकापुढे एक लागून उभी पट्टी होते आणि साधारण १३ पट्ट्या गोलाकार जुळून २५ नॅनोमीटर जाडीची पोकळ नळी. पोकळ असल्यामुळे ॲक्टिनच्या तंतूपेक्षा ती काहीशे पट ताठ असते. बहुतेक नळ्या न्यूक्लियसशेजारच्या सेंट्रोसोमपासून निघून कडेपर्यंत जातात, आणि लाल चॅनेलमध्ये सेंट्रोसोमचा तो एक तेजस्वी ठिपका आणि त्याच्यातून चहूकडे निघालेल्या वळणदार रेषा दिसल्या की कळतं, पेशीला मध्य आहे, दिशा आहे. या नळ्या रस्ते आहेत. कायनेसिन हे मोटर प्रोटीन बाहेरच्या दिशेने माल नेतं, डायनीन आतल्या दिशेने आणतं. कायनेसिनचं एक पाऊल बरोबर ८ नॅनोमीटरचं, म्हणजे ट्यूब्युलिनची एक जोडी, आणि एका पावलाला एटीपी या पेशीच्या इंधनाचा एक रेणू. १९८५ साली स्क्विडच्या जाड ॲक्सॉनमधून (मज्जापेशीच्या लांब शेपटीतून) ते शोधलं, आणि ॲक्सॉनमध्येच शोधलं जाणं साहजिक होतं, कारण कण्यापासून पायाच्या बोटापर्यंत जाणाऱ्या मज्जापेशीचा ॲक्सॉन जवळपास मीटरभर लांब असतो, तिथपर्यंत प्रोटीन आपोआप तरंगत पोचायचं म्हटलं तर आयुष्य पुरणार नाही.

एक खबरदारी सगळ्यांना सांगते. मायक्रोस्कोपवर रेषा जितकी जाड दिसते तितकी ती नसते. प्रकाशाचीच मर्यादा आहे, २०० नॅनोमीटरच्या खालचं काहीही असलं तरी ते साधारण तितकंच जाड दिसणार, त्यामुळे २५ नॅनोमीटरची एक नळी आणि चिकटून चाललेल्या तीन नळ्या यांच्या जाडीवरून फरक सांगू नका. या मर्यादेपलीकडे बघणारा सुपर-रेझोल्युशन मायक्रोस्कोप असेल तर फॅलॉइडिनचं छोटेपण तिथे खरं कामाला येतं. अँटिबॉडी १५० किलोडाल्टनची, दोन अँटिबॉडी एकावर एक म्हणजे रंगाचा ठिपका खऱ्या जागेपासून दहा-वीस नॅनोमीटर लांब, फॅलॉइडिन मात्र तंतूलाच चिकटून. २०१३ मध्ये ॲक्सॉनच्या आत ॲक्टिनच्या कड्या सापडल्या, पिंपाला कडी ठोकावी तशा दर १९० नॅनोमीटरला एक, मधे स्पेक्ट्रिन नावाच्या प्रोटीनचे दुवे, आणि त्या सापडल्या त्या फॅलॉइडिनच्याच जोरावर. इतकी वर्षं लोक ॲक्सॉन बघत होते आणि कड्या कोणाला दिसल्या नव्हत्या, कारण दोन कड्यांमधलं अंतर नेमकं त्या मर्यादेच्या आतलं.

आता 'संपूर्ण' शब्दाकडे येते, कारण याचा मला मनापासून राग आहे.

पेशीच्या सांगाड्यात तंतू तीन प्रकारचे. ॲक्टिन ७ नॅनोमीटर, मायक्रोट्यूब्यूल २५, आणि मधले, इंटरमीजिएट फिलामेंट, १० नॅनोमीटर. हे किट पहिले दोन दाखवतं. तिसऱ्यासाठी बॉक्समध्ये काहीही नाही. निळा तिसरा रंग दिसतो म्हणून नव्या माणसाला वाटतं झाले तीन, पण डॅपी डीएनएला चिकटतं, त्याचा सांगाड्याशी संबंध नाही. परिणाम काय होतो तर वर्षानुवर्षं ज्यांच्या डोळ्यासमोर हिरवा आणि लाल एवढंच येतं ते मधल्या तंतूंचा विचारच करत नाहीत. मला स्वतःला ते पहिल्या दीड वर्षात एकदाही बघावेसे वाटले नाहीत.

आणि ते तंतू काय आहेत बघा. बाकीच्या दोघांना दोन वेगवेगळी टोकं असतात, एक वेगाने वाढणारं आणि एक हळू, म्हणून त्यांच्यावर मोटर दिशेने चालू शकते. मधल्या तंतूंना अशी दिशा नाही, त्यांच्यावर कुठली मोटर चालत नाही, जोडणीला एटीपी किंवा जीटीपी असं इंधन लागत नाही. ते दोरखंडासारखे विणलेले असतात, ताणले तर दुपटीहून जास्त लांब होतात आणि तुटत नाहीत, त्याच ताणाला बाकीचे दोघं कधीच तुटलेले असतात. त्वचेच्या पेशीत केराटिन, फायब्रोब्लास्टमध्ये व्हायमेंटिन, न्यूक्लियसच्या आवरणाला आतून अस्तर लावलेलं लॅमिन. केराटिन ५ किंवा १४ च्या जीनमध्ये एक बदल झाला की एपिडर्मोलायसिस बुलोसा सिम्प्लेक्स नावाचा आजार होतो, साधं घासलं तरी त्वचेला फोड येतात कारण पेशीच फाटतात. लॅमिन ए बिघडलं की प्रोजेरिया, मूल काही वर्षांतच म्हातारं दिसायला लागतं. ज्या तंतूंवर इतकं अवलंबून आहे ते सोडून देऊन वर संपूर्ण लिहिणं बरोबर नाही. व्हायमेंटिनची एक अँटिबॉडी वेगळी घ्या, लाल रंगाच्या पलीकडच्या (फार-रेड) चॅनेलमध्ये लावा, माझ्या मते हे किट तेव्हा पूर्ण होतं. पहिल्यांदा केलं तेव्हा न्यूक्लियसभोवती विणलेला तो पिंजरा बघून मला वाटलं, इतके दिवस हा इथेच होता.

फॅलॉइडिनबद्दल काही भांडणाच्या गोष्टी. एक, हिरव्या रंगाची तीव्रता मोजून 'पेशीत ॲक्टिन वाढलं' असं लिहू नका. तुम्ही फक्त तंतूतलं ॲक्टिन मोजताय. पुष्कळशा पेशींत साधारण अर्धं ॲक्टिन सुटं असतं, प्रोफिलिन आणि थायमोसिन बीटा ४ नी धरून ठेवलेलं, ते काळोखातच राहतं. एकूण किती हे बघायचं तर वेस्टर्न ब्लॉट (पेशी फोडून त्यातलं प्रोटीन मोजायची पद्धत) करा. दोन, कोफिलिन नावाचं प्रोटीन जुन्या तंतूंवर चढून त्यांचा पीळ बदलतं आणि त्यांना तोडतं, आणि कोफिलिन चढलेल्या भागावर फॅलॉइडिन बसत नाही, म्हणजे तंतू आहे तरी दिसत नाही. तीन, रंग हळूहळू सुटतो, आठवडाभरात फोटो काढा, स्लाइड महिनाभर ठेवून मग मोजमाप करू नका. ज्या पेशीत आधीच जीएफपी (हिरवं चमकणारं प्रोटीन) आहे तिथे हिरवं घेऊ नका, लाल फॅलॉइडिन मिळतं ते घ्या. आणि व्हायल आल्या दिवशी छोट्या छोट्या ट्यूबमध्ये वाटून उणे २० ला, अंधारात.

सगळ्यात महत्त्वाचं, ही पेशी मेलेली आहे. वाक्य साधं आहे पण चित्र इतकं सुंदर असतं की विसरायला होतं. सांगाडा म्हटलं की आपल्याला हाडं आठवतात, इमारतीचं लोखंड आठवतं, आणि फिक्स केलेल्या फोटोत ते तसंच दिसतं, पक्कं, कायमचं. खरं तर ॲक्टिनच्या तंतूला एका टोकाला रेणू लागत असतात तेव्हाच दुसऱ्या टोकाचे गळत असतात, लॅमेलिपोडियममधला तंतू मिनिटभरात जुना होतो. मायक्रोट्यूब्यूल वाढता वाढता अचानक कोसळतो आणि परत वाढायला लागतो, १९८४ साली मिचिसन आणि कर्शनर यांनी हे दाखवलं, डायनॅमिक इन्स्टॅबिलिटी. पेशी विभागताना सगळ्या नळ्या मोडून त्याच ट्यूब्युलिनमधून नवीन स्पिंडल (क्रोमोसोम ओढणारी नळ्यांची रचना) उभा राहतो, क्रोमोसोम वाटले जातात, मग ॲक्टिनची कडी मधोमध आवळत जाते, दोन पेशी होतात, आणि परत जुनी रचना. आपण बघतो ती त्यातली एक क्षणभराची स्थिती.

आणि फॅलॉइडिन जिवंत पेशीसाठी वापरता येत नाही. एक तर ते मेम्ब्रेनमधून आत जात नाही, आणि सुई टोचून आत घातलंच तर ते तंतूंना इतकं घट्ट बांधतं की ते सुटू शकत नाहीत, म्हणजे ज्या हालचालीसाठी बघायचं तीच थांबते. जिवंत बघायला लाइफॲक्ट आहे, यीस्टच्या प्रोटीनमधला १७ अमिनो ॲसिडचा तुकडा, २००८ पासून, किंवा समुद्री स्पंजमधल्या जॅस्प्लाकिनोलाइडवरून बनवलेला एसआयआर-ॲक्टिन. दोन्ही जास्त झाले तर तेही तंतूंचं वागणं बदलतात, म्हणून जितकं कमी चालेल तितकंच वापरायचं.

आमच्याकडे लाइव्ह इमेजिंगसाठी वेळ मिळणं अवघड, म्हणून मी याच किटने एक काम केलं, आणि ज्यांच्याकडे साधा फ्लुरोसन्स मायक्रोस्कोप आहे त्या सगळ्यांना सांगेन की करून बघा. एकाच डिशमधल्या पेशींच्या दहा कव्हरस्लिप घेतल्या. लॅट्रनक्युलिन घातलं, हेही स्पंजमधलंच, सुट्या ॲक्टिनला धरून ठेवतं आणि माळेत लागू देत नाही. पहिली कव्हरस्लिप औषध न घालता फिक्स केली, मग दोन मिनिटांनी एक, पाच मिनिटांनी एक, दहा आणि वीस मिनिटांनी एकेक. मग औषध धुऊन टाकलं आणि परत पाच, दहा, वीस, चाळीस, साठ मिनिटांनी एकेक. सगळ्या एकाच दिवशी रंगवल्या, एकाच एक्सपोजरने फोटो काढले आणि ओळीने मांडले.

पहिल्यात ताणलेल्या दोऱ्या. दोन मिनिटांच्या चित्रात कडेचा पट्टा गेलेला, दोऱ्या अजून आहेत. पाचला दोऱ्या तुटक, दहाला हिरवे ठिपके आणि पेशी आकसून आत आलेली, मागे बारीक शेपट्या काचेला चिकटून राहिलेल्या. लाल चॅनेलमध्ये नळ्या मात्र अजून होत्या, त्या शेपट्यांमध्येसुद्धा. वीसला ओळखू येणार नाही अशी पेशी. धुतल्यावर पाच मिनिटांनी फारसं काही नाही, दहाला कडेला कुठे कुठे हिरवी झालर, म्हणजे कडा सगळ्यात आधी परत आली, दोऱ्या नंतर. चाळीसला पेशी पसरलेली, आत बारीक दोऱ्या, वेड्यावाकड्या. साठला सरळ.

ही प्रत्येक कव्हरस्लिपवरची वेगवेगळी पेशी आहे, एकच पेशी दहा वेळा नाही, हे त्या नव्या मुलीला मी दोनदा सांगितलं कारण ओळीने मांडलं की तसा भास होतोच. तिने प्रत्येक वेळेच्या पन्नास पेशी मोजायला घेतल्यात, कडेला झालर आहे की नाही एवढंच बघून. चाळीस मिनिटांपर्यंत मोजून झालंय, साठची कव्हरस्लिप आज काढलीये.